चुलीचा धूर आणि काळीज

श्रोतेहो, धुराने डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, हे कोणाला सांगायला नको. पण तोच धूर काळजालाही इजा करतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. धूर जातो फुफ्फुसात. मग हृदयाचा त्याच्याशी संबंध काय?

लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या पुरत्या जळल्या नाहीत की धूर होतो. त्यात फार बारीक कण असतात. एका मिलिमीटरचे ४०० भाग करावेत, तर त्यांतल्या एका भागाहूनही बारीक! मोठी धूळ नाकाघशात अडकते. हे कण मात्र थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे हवा आणि रक्त यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. कणांमुळे तिथे दाह होतो, त्याचा परिणाम रक्तात उतरतो. काही अतिसूक्ष्म कण तर रक्तातच शिरतात. मग रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, आतून मेदाचा थर धरतो, रक्त लवकर गोठते. पाटात गाळ साचला आणि त्यातच ढेकूळ अडकले, की पुढचा वाफा सुकतो. हृदयाच्या वाहिनीत गुठळी अडकली की तसेच होते. त्यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायूही असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. प्राणवायूची जागा अडते आणि हृदयावर ताण पडतो.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर कोळशाचा धूर धुक्यात पाच दिवस कोंडून राहिला. हजारो माणसे दगावली. त्यांत हृदयविकाराचे रोगीही होते. पुढे १९५६ साली तिथे धुराविरुद्ध कायदा झाला. आपल्या घरी असे मोठे संकट दिसत नाही. पण कोंदट स्वयंपाकघरात बायाबापड्या रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षे धूर गिळतात, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

उज्ज्वला योजना २०१६ साली निघाली, तेव्हापासून गॅस पुष्कळ घरांत पोचला. पण सिलिंडर महाग पडतो म्हणून तो चहापुरता वापरायचा आणि भाकरी चुलीवर, असे होते. जमेल तितका रोजचा स्वयंपाक गॅसवर करा. चूल पेटवावीच लागली, तर सरपण वाळलेले घ्या, धुराडे छपराच्या वर काढा, झरोका उघडा ठेवा. लेकरू कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नका.

छातीत दडपण येणे, हाताला किंवा जबड्याला कळ लागणे, दरदरून घाम सुटणे, ही लक्षणे दिसली तर ‘पित्त झाले’ म्हणून ओवा खात बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा, दवाखाना गाठा.

शिक्षकमित्रहो, मुलांना एक प्रयोग सांगा. ओले पांढरे फडके एक दिवस चुलीपासून हातभर दूर टांगा, दुसरे अंगणात. संध्याकाळी दोन्ही ताडून पाहा. फडक्यावर दिसते ती नुसती काजळी. त्याहून बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते कुठे जातात, हे मुलांनी घरी आईला समजावून सांगावे. आणि घरच्या कर्त्या पुरुषांनीही ते ऐकावे. कारण धुराडे बसवायचे, सिलिंडर आणायचा, तर पैसे बहुधा त्यांच्याच हातून सुटतात.