गव्हावाचून ईद

आमच्या नाहूरच्या घरात यंदा ईदेआधी प्रश्न पडला, शीरखुर्म्याचं काय? नातवाला सिलिअ‍ॅक आजार निघाला होता. गहू बंद, म्हणजे मैदा, रवा, शेवयाही बंद. बार्लीसुद्धा.

गव्हात ग्लुटेन असतं. पीठ मळलं की त्याचं ताणलं जाणारं जाळं तयार होतं, म्हणून पोळी लाटता येते, पाव फुगतो. ज्वारी-तांदळात ते नाही. म्हणून तर आपल्या आयाबाया भाकरीच्या पिठात उकळतं पाणी घालतात. पिठातला स्टार्च चिकट होतो, भाकरी थापता येते. नानखटाईला ताण नकोच, ती खुसखुशीत हवी. मैद्याऐवजी ज्वारी आणि थोडं बेसन घातलं, झकास जमली. त्याच पिठाचा पाव मात्र अगदी वीट!

एक चूक झाली. ज्वारी गिरणीतून दळून आणली, तिथे आधी गहू दळलेला. दगडांत उरलेलं तेवढं पीठही पोराला बाधतं. आता वेगळी घरघंटी घेतली आहे, तिच्यात गहू जात नाही.

शीरखुर्मा तांदळाच्या शेवयांचा केला. दुधात फार उकळल्या तर त्यांचा लगदा होतो, म्हणून वेगळ्या वाफवून शेवटी घातल्या. नातवाने दोन वाट्या संपवल्या, तिसरी मागितली.