पॉलिसी रुग्णालयाची, खर्च मात्र औषधांचा

आरोग्य विमा असलेल्या घरातही दर महिन्याला औषधांचे बिल खिशातूनच का भरावे लागते, हा प्रश्न बदलापूर पश्चिमेच्या बेलवलीतील कुटुंबाला जसा पडतो, तसाच दादरच्या किंवा नाशिकच्या कुटुंबालाही पडतो. त्याचे उत्तर आपल्याकडील विम्याच्या रचनेत दडलेले आहे. विम्याचा औषधखर्चावर परिणाम होतो, हे खरे. परंतु कोणत्या औषधांवर आणि केव्हा, हे समजून घेतल्याशिवाय पॉलिसीचा खरा उपयोग कळत नाही.

रुग्णालयाच्या दारापाशी थांबणारा विमा

सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये 'मेडिक्लेम' योजना आणली. रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च भरून देणे, हे तिचे सूत्र होते आणि आजही बहुतेक पॉलिसी त्याच सूत्रावर चालतात. किमान २४ तास दाखल असल्यास (ठरावीक 'डे केअर' उपचारांचा अपवाद वगळता) औषधांसह बिल मिळते. त्याच आजारासाठी दाखल होण्यापूर्वीचे साधारण ३० आणि घरी परतल्यानंतरचे ६० दिवस डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा खर्चही मिळतो. त्यानंतर ती जबाबदारी पुन्हा रुग्णाची.

अडचण अशी की, औषधांचा भार मुख्यतः रुग्णालयाबाहेरच पडतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१४ च्या फेरीनुसार, दाखल न होता घेतलेल्या उपचारांच्या खर्चात औषधांचा वाटा शहरी भागात सुमारे ६८ टक्के, तर ग्रामीण भागात ७२ टक्के होता. म्हणजे खर्च जेथे सर्वाधिक, तेथेच विमा अनुपस्थित.

समजा, बेलवलीतील एका निवृत्त गृहस्थांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत व औषधांना महिन्याला अडीच हजार रुपये लागतात. वर्षाचे ३० हजार रुपये झाले. नेहमीची पॉलिसी यातील एक रुपयाही देणार नाही. काटकसर म्हणून त्यांनी गोळ्या दिवसाआड घेतल्या आणि पुढे पक्षाघात होऊन त्यांना अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले, तर मात्र तीच पॉलिसी लाखाचे बिल भरील. आजार टाळणारी गोळी विम्याबाहेर आणि न टळलेला आजार विम्यात, असा हा विरोधाभास आहे.

औषधे फुकट मिळाली तर?

औषधांना विम्याचे संरक्षण दिले तर लोक अकारण औषधे घेतील, असा एक आक्षेप असतो. तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेत 'रँड' संस्थेने १९७४ ते १९८२ या काळात केलेल्या प्रयोगात, ज्यांना उपचार पूर्णपणे मोफत होते त्यांनी खर्चाचा काही वाटा उचलणाऱ्यांपेक्षा ८५ टक्के अधिक प्रतिजैविके वापरल्याचे आढळले. तथापि, याच प्रयोगाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. पैसे भरावे लागल्यावर लोकांनी केवळ अनावश्यक औषधे सोडली नाहीत, तर आवश्यक औषधेही तितक्याच प्रमाणात सोडली. कोणती गोळी टाळता येईल, हे रुग्णाला ठरवता येत नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना प्रतिबंधक औषधे विनामूल्य देण्यात आली. औषधे नियमित घेण्याचे प्रमाण ४ ते ६ टक्क्यांनी वाढले आणि उपचारांचा एकूण खर्च मात्र वाढला नाही. दीर्घकालीन आजारांच्या औषधांना संरक्षण देणे म्हणजे उधळपट्टी नव्हे, असा याचा अर्थ.

कारखान्यातील कामगार अधिक सुरक्षित

आपल्याकडे औषधांपर्यंत पोहोचणारा विमा नाहीच, असे नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांना लागू असलेली राज्य कामगार विमा योजना दवाखान्यातील तपासणी व औषधे यांसह संपूर्ण उपचार देते. अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही तिचा लाभ मिळतो. जुलै २०१९ पासून तिच्यासाठी कामगाराच्या वेतनातून अवघे पाऊण टक्का वर्गणी कापली जाऊ लागली. पात्रतेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१ हजार रुपये करण्यात आली. त्यामुळे पगार मर्यादेपलीकडे गेला की, अंशदानाचा चालू कालावधी संपल्यावर हे संरक्षण जाते आणि त्याची जागा घेणाऱ्या समूह पॉलिसीत रोजच्या गोळ्या बहुधा नसतात. पगारवाढीचा आनंद मानताना आई-वडिलांच्या औषधांचा हिशेबही मांडावा लागतो, तो यामुळेच.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांसाठी आहे. रोजच्या औषधांसाठी नाही. याउलट, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क केले. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय याच विभागाचे आहे.

ग्राहकाने काय पाहावे?

पॉलिसी घेताना विमा रकमेबरोबरच बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे यांचे संरक्षण आहे का, त्याची वार्षिक मर्यादा किती आणि त्यासाठी जादा हप्ता किती, हे विचारावे. मर्यादा पाच हजारांची आणि जादा हप्ताही जवळपास तेवढाच असेल, तर त्यात लाभ नाही. रुग्णालयातून परतल्यानंतरची औषधांची बिले डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जपून ठेवावीत. ६० दिवसांतील हा हक्काचा परतावा निव्वळ कागदाअभावी बुडू शकतो. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतल्यास विमा कंपनी काही खर्चात प्रमाणशीर कपात करते. परंतु विमा नियामकाच्या २०२० च्या निर्देशांनुसार ही कपात औषधांच्या बिलाला लावता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

विम्याबाहेरच्या खर्चासाठी डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी आणि जनऔषधी केंद्रातील किंमत पाहावी. तेथील दर नामांकित औषधांपेक्षा साधारण ५० ते ९० टक्क्यांनी कमी असतात. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चावर प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र तो खर्च रोखीने केलेला नसावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आणि बहुतांश औषधांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे दोन्ही खर्च थोडे हलके झाले. पण महिन्याच्या गोळ्या विम्याच्या कक्षेत येत नाहीत, तोवर पॉलिसीच्या हप्त्याबरोबरच औषधांसाठीही दरमहा वेगळी रक्कम बाजूला काढणे, हेच शहाणपणाचे ठरेल.