सन्हेरीब: एका अश्शूरी नावाची उकल

मराठी बायबल वाचणाऱ्यांना सन्हेरीब हे नाव ओळखीचं असतं. इ.स.पू. ७०५ ते ६८१ या काळात त्याने अश्शूरवर, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन साम्राज्यावर, राज्य केलं. निनवे शहर राजधानी म्हणून त्यानेच वाढवलं, सजवलं. पण ‘सन्हेरीब’ या रूपावरून अर्थ लावायला गेलात तर हाती काही लागणार नाही. परक्यांनी कानावर पडलं तसं ते लिहून घेतलं आणि त्यात नावाचे सांधे बुजले. म्हणून आपण मातीच्या पाटीपासून सुरुवात करू.

अश्शूरी लेखनिक ओल्या मातीवर बोरू दाबून पाचरीसारख्या खुणा उमटवत. हीच कीलाकार लिपी. भाषा होती अक्कादी, अरबी आणि हिब्रूच्या कुळातली. नाव शोधताना आधी एकच उभी पाचर दिसते. तिचा उच्चार करायचा नाही. ‘पुढे पुरुषाचं नाव येतंय’ एवढंच ती सांगते.

दुसरी खूण चांदणीची. तिचाही इथे उच्चार नाही. तिचा अर्थ, ‘पुढे देवाचं नाव आहे’.

मग येतात तीन तिरके टोचे, आणि नवशिके हमखास अडखळतात ते इथेच. एक टोचा म्हणजे दहा, तीन म्हणजे तीस. देवाच्या नावाच्या जागी आकडा कसा? चांद्रमास तीस दिवसांचा धरत, म्हणून तीस हा चंद्रदेवाचा अंक ठरला. लेखनिक लिहायचा ३० आणि वाचायचा ‘सिन’. सिन हे चंद्रदेवाचं नाव. उर आणि हारान इथली त्याची देवळं फार मोठ्या मानाची होती.

पुढे एकमेकींना छेदणाऱ्या दोन पाचरी आणि त्यांना जोडून अनेकवचनाची खूण. हे वाचायचं ‘अख्खे’, म्हणजे भाऊ, एकाहून जास्त. अरबीत भावाला ‘अख’ म्हणतात, तोच हा शब्द.

शेवटची खूण क्रियापदाची: ‘एरीबा’, म्हणजे भरपाई करून दिली, गेलेल्याच्या जागी दुसरं दिलं. आता सगळं जोडून वाचा: सिन-अख्खे-एरीबा. ‘सिनने भावांची भरपाई करून दिली.’ नाव कसलं, अख्खं वाक्यच आहे ते, कर्ता, कर्म, क्रियापदासकट.

असं नाव कोणत्या घरात ठेवत असतील? आधीची मुलं गेल्यावर जन्मलेल्या मुलाला असं नाव देण्याची रीत मेसोपोटेमियात होती. म्हणूनच सन्हेरीबच्या आधी त्याचे भाऊ वारले असावेत, असं अभ्यासक मानतात. आपल्याला इथे धोंडू, दगडू ही नावं आठवतील, पण ती सारखी समजू नयेत. आपल्याकडे मूल दगडासारखं टिकावं, त्याला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवत. अश्शूरी बाप मात्र देवाचं नाव घेऊन त्याच्या देण्याची उघड पोच देतो. त्या पोचेत गेलेल्या मुलांनाही जागा आहे, आणि मला हे नाव फार हळवं वाटतं ते त्यामुळेच.

आता त्याच्या मुलाचं नाव आपणच सोडवून पाहा: अश्शूर-अखा-इद्दिना. अश्शूर हा देव, ‘अखा’ म्हणजे एक भाऊ, ‘इद्दिना’ म्हणजे दिला. अश्शूरने भाऊ दिला. बायबलमधला एसरहद्दोन तो हाच. ‘अख्खे’ आणि ‘अखा’ यांत गल्लत केली, तर बापाचे गेलेले मुलगे आणि घरात आलेला आणखी एक मुलगा यांतला फरकच निसटतो.

ही लिपी वाचता येऊ लागली त्यात हेन्री रॉलिन्सनचा मोठा वाटा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात तो १८२७ साली मुंबईत आला आणि हिंदुस्थानातल्या मुक्कामातच त्याने फारसी पक्की केली. १८५७ साली लंडनमध्ये त्याच्यासह चौघांनी एकच लेख एकमेकांना न दाखवता वाचून पाहिला. भाषांतरं मोठ्या प्रमाणात जुळली.

तरीही खूण एक आणि उच्चार दुसरा, ही अडचण उरलीच, आणि तिच्यापायी एक खुनी बरीच वर्षं लपून राहिला. सन्हेरीबला त्याच्या मुलांनी मारलं असं बायबल सांगतं. एकाचं नाव देतं अद्रम्मेलेक. अश्शूरी कागदपत्रांत या नावाचा राजपुत्र सापडेना. एका पाटीवर मात्र कटाची हकिगत होती. तिच्यातलं नाव अभ्यासक सुमेरी, म्हणजे अक्कादीच्या आधीपासून या लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषेच्या, उच्चाराने ‘अराद-निनलिल’ असं वाचत आले होते. त्यातली ‘निनलिल’ ही देवीच्या नावाची खूण अश्शूरी लोक ‘मुलिस्सू’ अशी वाचत, हे ध्यानात घेऊन अभ्यासक सिमो पार्पोला यांनी १९८० साली नाव पुन्हा वाचलं: अर्दा-मुलिस्सू, ‘मुलिस्सूचा सेवक’. अद्रम्मेलेक हे त्याचंच मोडकं रूप. पाटीत पुढे लिहिलंय की कटाची खबर द्यायला निघालेल्या माणसाला तोंड झाकून पुढे उभं केलं गेलं. समोर राजाच आहे असं समजून तो म्हणाला, तुमचा मुलगा अर्दा-मुलिस्सू तुम्हाला मारणार आहे. तोंडावरचं कापड काढल्यावर चौकशी करायला समोर होता तो अर्दा-मुलिस्सूच.