सोय कुणाची? कुटुंबचित्राच्या वाटचालीचा मागोवा

सहकुटुंब छायाचित्र काढवून घ्यावयाचे एकदा मुक्रर झाले, की ते स्टुडिओत काढावे, घरी काढावे, की एखाद्या टेकडीवर अगर समुद्रकिनारी जाऊन काढावे, याविषयी आजकाल घरोघरी जो खल चालतो तो पाहिला असता असे वाटते, की हा निवडीचा अधिकार कुटुंबांना प्रथमपासूनच होता. वस्तुस्थिती निराळी आहे. या कलेने हिंदुस्थानात पाऊल टाकल्यापासून आजवर कुटुंबचित्राचा प्रकार प्रत्येक काळात कुणाच्या तरी सोयीने ठरत आला. मात्र ती सोय बहुधा चित्रात बसणाराची नव्हती. ती कुणाकुणाची होती याचा छडा लावीत मागे गेले, तर आजच्या निवडीलाही थोडी दिशा लाभण्याजोगी आहे.

छायाचित्रणाची दागेरची कृती 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि पंधरा वर्षांनी, 1854 साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान तिच्यात सामील होते, आणि एल्फिन्स्टन संस्थेत या विद्येचा वर्गही त्याच सुमारास निघाला. तथापि त्या काळात सोय पाहिली जाई ती केवळ रसायनांची. आर्चरने 1851 साली प्रसिद्ध केलेल्या कोलोडियनच्या कृतीत काच ओली असतानाच तिच्यावर चित्र उमटवावे लागे आणि ती वाळण्यापूर्वी, म्हणजे पाव तासाच्या आत, अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवावी लागे. त्यामुळे सारे बिऱ्हाड उठून छायाचित्रकाराच्या दारी जाणे हाच राजमार्ग ठरला. तेथे काचेच्या छपराखाली, सूर्याची मर्जी असेल त्या वेळी, मानेमागे लोखंडी आधाराचा चिमटा लावून काही सेकंद निश्चल बसावे लागे. त्या चित्रांतील मंडळींच्या मुद्रेवरील कठोरतेचे खापर त्यांच्या स्वभावावर फोडणे अन्यायाचे होईल. तितका वेळ ओठांवर हास्य न हलता धरून ठेवणे मुरलेल्या नटालाही दुष्कर आहे. ज्याला हा हुकूम समजत नसे ते आईच्या मांडीवरचे मूल हात-पाय हलवी, आणि चित्रात त्याच्या जागी मुखाचा केवळ पुसट आभास उरे.

मॅडॉक्सने 1871 साली सुचविलेली जिलेटिनची कोरडी काच पुढे कारखान्यांतून तयार होऊन येऊ लागली, तशी ही घाई सरली आणि स्टुडिओंचा धंदा शहरोशहरी फोफावला. मराठी माणूस या धंद्यात मागे नव्हता. 1899 साली मुंबईत कुस्तीचे चलच्चित्र घेणारे सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मूळचे स्टुडिओवाले. आणि दादासाहेब फाळक्यांनीही चित्रपटाच्या पुष्कळ आधी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहिला होता. गिऱ्हाईक मात्र सहजासहजी फिरकत नसे, कारण फोटो काढविला की आयुष्य घटते अशी समजूत लोकांत दृढ होती; तिघांचा मिळून फोटो काढू नये, हा तिचाच एक अवशेष आजही पुष्कळ घरांत पाळला जातो.

रसायनांची सोय संपली आणि घरच्या कर्त्या पुरुषाची सुरू झाली. कॅबिनेट आकाराचा फोटो हा घराण्याच्या प्रतिष्ठेचा दस्तऐवज मानला जाऊ लागल्यामुळे बैठकीचा क्रमही दरबारातल्यासारखा ठरून गेला. मागे संगमरवरी कठडा आणि सरोवर रंगविलेला पडदा. मध्यभागी खुर्चीवर पगडी-उपरणे धारण केलेले आजोबा, त्यांचा एक हात काठीवर आणि दुसरा शेजारच्या तिवईवरील जाडजूड ग्रंथावर, मग तो ग्रंथ त्यांनी जन्मात उघडलेला असो वा नसो. बाजूला वयोमानाने मुलगे. मागे उभ्या सुना. आणि पुढे जाजमावर मांडी घालून बसलेली नातवंडे. लग्न-मुंजीच्या चित्रांत तर घरातल्या विधवा आत्या-मावश्यांना पुष्कळदा स्थानच नसे. अशी दहा चित्रे शेजारी-शेजारी मांडली तर चेहरे निराळे दिसतील, पण कुटुंबे निराळी दिसणार नाहीत, कारण प्रत्येक घराण्याला एकाच साच्यातून जावे लागलेले असे.

त्या काळातील दोन बारकावे जवळून पाहण्यासारखे आहेत. पहिला रंगांचा. त्या वेळच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर कळे आणि लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे सुवासिनीच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू चित्रात काळे येई, लाल शालू काळाभोर दिसे आणि फिकट निळे लुगडे पांढरेफटक होई. दुसरा बारकावा रिटचिंगचा. निगेटिव्हवर पातळ वार्निशाचा हात फिरवून ती उतरत्या मेजाच्या काचेवर ठेवीत, खालच्या आरशातून उजेड वर घेत, आणि सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलीने देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि कपाळावरच्या आठ्या ठिपक्या-ठिपक्यांनी भरून काढीत. हातात कसब असलेला कारागीर सुरकुत्या सौम्य करून थांबे. नवशिक्या मात्र त्या साफ पुसून टाकी, आणि सत्तर वर्षांच्या आजीला तिच्या नातीचा तुळतुळीत गाल प्राप्त होई. आज मोबाइलमधली यंत्रणा हेच काम क्षणार्धात करते आणि बहुधा नवशिक्यासारखेच करते.

बसणाराची सोय पाहून सारी व्यवस्था फिरविल्याचे एक ठळक उदाहरण निजामाच्या राज्यात, ज्यात त्या वेळी आपला मराठवाडाही होता, आढळते. राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेस जनानी स्टुडिओ काढला. आत पुरुषास मज्जाव, देखरेखीस एक युरोपीय बाई, आणि हाताखालचा नोकरवर्गही सगळा स्त्रियांचा. पडदा पाळणाऱ्या स्त्रीने कॅमेऱ्यासमोर यावे अशी इच्छा असेल तर तिच्या लाजेची बूज राखणारी जागा आधी निर्माण केली पाहिजे, हे त्या चतुर कलावंताने ओळखले होते. त्यात व्यापारी धोरण नव्हते असे नाही. परंतु यंत्रापुढे माणसाने वाकण्याऐवजी माणसाकडे पाहून यंत्राची तजवीज करावी, हा विचार त्यातून रुजला, आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या प्रकाराचे मूळ या विचारात आहे.

त्यानंतर छायाचित्रकार स्वतः घरी येऊ लागला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्या अंगणात मांडून, काळ्या कापडात डोके घालून उभ्या असलेल्या फोटोवाल्याच्या इशाऱ्याबरहुकूम पन्नास-साठ माणसे दाटीवाटीने बसत. या चित्रांत सोय असे ती प्रसंगाची. माणसे आयती जमलेली असत, म्हणून तेवढ्यात उरकून घेतले जाई. घर, ओसरी, तुळशीवृंदावन ही सारी त्यात आपोआप येत, हा त्यांचा मोठा गुण. आणि जागरणाने तांबारलेले डोळे व यजमानाचे पंगतीकडे लागलेले लक्ष, हा त्यांचा दोष.

कोडॅकने 1900 साली एका डॉलरला ब्राउनी विकावयास काढून कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती दिला खरा, परंतु आपल्या मध्यमवर्गाच्या घरी तो पोहोचला प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर, आणि पुष्कळांच्या बाबतीत आग्फाच्या क्लिक थ्रीच्या रूपाने. एका रोलमध्ये बारा चौकोनी चित्रे. त्यामुळे प्रत्येक चित्र काढण्यापूर्वी घरात मसलत होई. माथेरानचा पॉइंट, जेजुरीच्या पायऱ्या, गच्चीवरची वाळवणे यांच्या पार्श्वभूमीवर माणसे पहिल्यांदा मोकळी उभी राहिली. या प्रकारात सोय पाहिली जाई कॅमेऱ्याच्या धन्याची, आणि शिक्षाही त्यालाच भोगावी लागे. बहुधा वडीलच फोटो काढीत, म्हणून त्या दोन-तीन दशकांच्या अल्बमांतून वडील हरवलेले आहेत. पुढे रंगीत रोल आले, बाराचे छत्तीस झाले, आणि डिजिटल कॅमेऱ्याने तर मोजणेच बंद पाडले. संख्या वाढली, तशी ठरवून एकत्र बसण्याची रीत मात्र ओसरली.

ती रीत आता परतली आहे, पण बाजाराच्या सोयीने. गरोदरपणाचे सत्र, बाळाचे सत्र, एकसारख्या कपड्यांचे सत्र, अशी यादी दरपत्रकासह पुढे येते आणि कुटुंबाने तीतून एक उचलावे अशी अपेक्षा असते. मागील इतिहास ध्यानी घेता यादीकडे वळण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या चित्रात ज्याचे असणे सर्वांत महत्त्वाचे आणि ज्याला येणे सर्वांत कठीण, असे आपल्या घरात कोण आहे? आजीला जिना चढवत नसेल, तर चित्र घरीच झाले पाहिजे. पूर्वेकडची मोठी खिडकी, सकाळची वेळ आणि तिची नेहमीची आरामखुर्ची एवढा सरंजाम त्याला पुरे आहे. घरात रांगते मूल असेल, तर दुपारच्या झोपेची वेळ टाळून, त्याला जमिनीवर खेळू द्यावे आणि मोठ्यांनी त्याच्याभोवती बसावे. भावंडे नोकरीपायी पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत विखुरलेली असतील, तर गणपतीत सगळे जमतात तोच दिवस धरावा, मात्र आरतीनंतरच्या धांदलीत नव्हे. त्यासाठी अर्धा तास वेगळा राखून ठेवावा. सर्वजण धडधाकट असतील आणि मोकळ्या आकाशाची हौस असेल, तर टेकडी अवश्य गाठावी, पण सूर्योदयानंतरचा अगर सूर्यास्तापूर्वीचा तासच निवडावा, कारण आपल्याकडचे माध्यान्हीचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख भरते. आणि जागा पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील असेल, तर तिवई लावण्याच्या परवानगीची आधी चौकशी करावी.

आणि स्टुडिओ? त्याचे दिवस सरले असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. जेथे चेहऱ्यावाचून दुसरे काहीच नको असते, उदाहरणार्थ तीन पिढ्यांतील साम्य ज्यात स्पष्ट दिसावे असे चित्र हवे असते, तेथे साधा पडदा आणि हुकमी प्रकाश यांची सर अन्य कशालाही येत नाही.

आज यंत्राची कोणतीच अडचण उरली नसल्यामुळे गैरसोय कुणी सोसावी हे ठरविण्याची मुभा प्रथमच कुटुंबाकडे आली आहे. ती छायाचित्रकाराने सोसावी, धडधाकट मुलांनी सोसावी, हौशी जावयाने सोसावी. म्हाताऱ्यांवर आणि तान्ह्यांवर तेवढी ती लादू नये. एवढे पथ्य पाळले, तर स्टुडिओ, अंगण की टेकडी, याचा निवाडा आपोआप होतो.