रोलरवरची धूळ आणि परीक्षकाचे तीन प्रश्न

वाचण्याआधी: तुमच्या घरच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, तर तो कोण काढतं? घरात मराठीत विचारा आणि मग पुढे वाचा.

हा पाठ तुमच्यापैकी काही जण स्क्रीनवर वाचत असतील, काहींनी तो छापून घेतला असेल. मागच्या महिन्यात मीही असाच एक पाठ छापत होतो. प्रिंटरने घर्रर्र आवाज केला, कागद थोडासा आत घेतला आणि थांबला. पुन्हा प्रयत्न केला, तर त्याने एकदम दोन कागद ओढले.

"वाळू गेली असणार आत!" स्वयंपाकघरातून आवाज आला. दुबईत राहणाऱ्यांची ही सवयच आहे. एसी बिघडला, वाळू. गाडीतून आवाज आला, वाळू. सगळं खापर वाळूवर फुटतं.

मी प्रिंटर बंद केला, वायर काढली आणि कागदाचा ट्रे बाहेर ओढला. आत रबराचा एक छोटा रोलर असतो. तो ओलसर फडक्याने पुसला. फडक्यावर पांढरट भुकटी आली. ती वाळू नव्हती. ती कागदाचीच धूळ होती.

कागद का घसरतो?

कागद लाकडाच्या बारीक तंतूंपासून बनतो. तो पांढरा आणि गुळगुळीत व्हावा म्हणून त्यात खडूसारखी पूड मिसळतात. तिचं नाव कॅल्शियम कार्बोनेट. कागद कापताना त्याच्या कडांना थोडे तंतू आणि थोडी पूड सुटी होते. रोलर कागदावर घासला की हीच धूळ रबराला चिकटते.

कागद पुढे नेण्यासाठी रोलरला पकड लागते. धुळीमुळे ती कमी होते. एक प्रयोग करा. हाताला कोरडं पीठ लावा आणि बरणीचं गुळगुळीत झाकण फिरवून बघा. हात नुसता घसरेल. प्रिंटरमध्ये हेच होतं. रोलर फिरत राहतो, कागद मात्र जागचा हलत नाही. वरचा एकच कागद पुढे जावा म्हणून खालच्या कागदाला अडवून धरणारा एक भागही आत असतो. त्याच्यावर धूळ बसली की दोन कागद एकदम आत जातात.

मग प्रश्न पडतो: आपण फडकं घेऊन बसण्यापेक्षा प्रिंटरनेच स्वतःचा रोलर साफ केला तर?

हा प्रश्न अनेक इंजिनिअरांना पडला आहे आणि त्यावरच्या उपायांसाठी जगात पेटंटचे अर्जही झाले आहेत. समजा, असा एक उपाय तुम्हाला सुचला. आता त्याचं पेटंट कसं मिळेल?

पेटंट म्हणजे एक सौदा

पेटंट हा शोध लावणारा आणि सरकार यांच्यातला सौदा असतो. तुम्ही तुमचा शोध काहीही न लपवता, पूर्ण लिहून द्यायचा. त्या बदल्यात सरकार तुम्हाला एक हक्क देतं: ठरावीक वर्षं तुमच्या परवानगीशिवाय ती वस्तू दुसऱ्या कोणी बनवायची नाही आणि विकायची नाही. ही मुदत संयुक्त अरब अमिरातीत आणि भारतातही अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. हक्क टिकवण्यासाठी शुल्क भरत राहावं लागतं. मुदत संपली की तो शोध सगळ्यांचा होतो.

अमिरातीत हे काम अर्थव्यवस्था आणि पर्यटन मंत्रालय बघतं. सध्याचा कायदा २०२१ चा आहे. अर्जाचा मजकूर अरबी भाषेतही द्यावा लागतो. भारतात पेटंट कार्यालयाच्या चार शाखा आहेत: कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई.

एक गोष्ट लक्षात ठेवा. "जगाचं पेटंट" असं काही नसतं. दुबईत चालणारं पेटंट पुण्यात चालत नाही. प्रत्येक देशाचा हक्क वेगळा. मात्र एका आंतरराष्ट्रीय करारामुळे एकच अर्ज करून दीडशेहून जास्त देशांत आपली जागा राखून ठेवता येते. भारत या करारात १९९८ मध्ये आला आणि अमिरात १९९९ मध्ये. पुढे पेटंट द्यायचं की नाही, हे प्रत्येक देश आपलं आपण ठरवतो.

दावा म्हणजे शेताचा बांध

अर्जात वर्णन असतं, आकृत्या असतात आणि सगळ्यात महत्त्वाचे असतात दावे. दावा म्हणजे "माझा शोध नेमका एवढा आहे" असं सांगणारं वाक्य.

गावाकडे दोन शेतांच्या मधे मातीचा बांध असतो. बांधाच्या आत आपलं शेत, पलीकडे दुसऱ्याचं. दाव्यातले शब्द हे असेच बांध असतात. कमी शब्दांचा दावा मोठं शेत मागतो. जास्त अटी घातल्या की शेत लहान होतं. मोठं शेत कोणाला नको? पण त्यात शेजाऱ्याची जमीन आली, तर भांडण ठरलेलंच.

ती जमीन कोणाची, हे तपासणाऱ्या माणसाला परीक्षक म्हणतात. तो तीन मुख्य प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: हे नवीन आहे का?

समजा, तुमचा पहिला दावा असा आहे: "कागद ओढणाऱ्या रोलरला टेकून त्याला साफ करणारा भाग असलेला प्रिंटर."

परीक्षक जुनी पेटंटं, मासिकं, पुस्तकं शोधतो. ती कोणत्याही देशातली, कोणत्याही भाषेतली असू शकतात. त्याला एक जुना कागद सापडतो. त्यात रोलरला टेकलेला ब्रश आहे. झालं! तुमच्या दाव्यातली प्रत्येक गोष्ट त्या एकाच कागदात आहे. म्हणजे दावा नवीन नाही. तुम्ही तो कागद कधी पाहिलाच नव्हता, हे खरं असलं तरी चालत नाही.

म्हणूनच अर्ज करण्याआधी आपला शोध प्रदर्शनात मांडू नये किंवा इंटरनेटवर टाकू नये. बऱ्याच देशांत तुम्ही स्वतः केलेली जाहीर वाच्यतासुद्धा तुमच्याच विरुद्ध जाऊ शकते.

दुसरा प्रश्न: हे सहज सुचलं असतं का?

तुम्ही दावा बदलता. ब्रशच्या जागी चिकट रोलर घालता. ब्रश धूळ इकडेतिकडे उडवतो, चिकट रोलर ती धरून ठेवतो.

आता परीक्षक दोन जुने कागद शेजारी ठेवतो. पहिल्यात ब्रश आहे. दुसऱ्यात प्लास्टिकची ओळखपत्रं छापणारं यंत्र आहे. अशा यंत्रांत छपाईआधी कार्डावरची धूळ उचलायला चिकट रोलर खरंच वापरतात. परीक्षक म्हणतो, "धूळ उचलायला चिकट रोलर हा माहितीतला उपाय आहे. ब्रशऐवजी तो लावणं कोणालाही सुचलं असतं."

हे "कोणालाही" म्हणजे नक्की कोणाला? परीक्षक एका काल्पनिक माणसाचा विचार करतो. हा माणूस त्या कामातला जाणकार आहे. त्याने सगळे जुने कागद वाचले आहेत. पण त्याच्याकडे स्वतःची प्रतिभा नाही. त्याला जे सुचेल, त्याला पेटंट मिळत नाही.

तुम्ही पुन्हा विचार करता. तुमच्या यंत्रात आणखी एक गोष्ट आहे, पण ती दाव्यात लिहायची राहिली. चिकट रोलर सतत टेकलेला असेल, तर कागदाच्या रोलरला फिरायला जड जातं आणि चिकट भाग लवकर भरून जातो. म्हणून तुम्ही अशी रचना केली आहे की छपाई संपल्यावर मोटर थोडा वेळ उलटी फिरते. त्याच उलट्या फिरण्याने चिकट रोलर वर उचलला जातो, धूळ घेतो आणि परत खाली जातो. वेगळी मोटर लागत नाही. आता तुमचं शेत लहान झालं, पण बांध पक्का झाला.

परीक्षक म्हणेल, "मोटर उलटी फिरवता येते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या जाणकाराला हे करता आलं असतं."

तुमचं उत्तर: "करता आलं असतं, पण त्याने केलं असतं का? दोन्ही जुन्या कागदांत साफसफाईचा भाग सतत टेकलेला आहे. तो बाजूला घ्या आणि त्यासाठी हीच मोटर वापरा, असं त्यात कुठे सुचवलं आहे?"

मराठी शाळेत आम्हाला "असता, असती, असतं" ची वाक्यं शिकवली, तेव्हा हे फक्त परीक्षेपुरतं आहे असं मला वाटायचं. पण "करता आलं असतं" आणि "केलं असतं" या दोन वाक्यांमधल्या फरकावर पेटंट मिळू शकतं किंवा जाऊ शकतं. युरोपच्या पेटंट कार्यालयात हा फरक फार बारकाईने बघतात. याचं कारण साधं आहे. उत्तर कळल्यावर कोणतंही कोडं सोपंच वाटतं. परीक्षकाला उत्तर माहीत असतं, कारण ते तुमच्याच अर्जात लिहिलेलं असतं. ते विसरून त्याला विचार करावा लागतो.

तिसरा प्रश्न: याचा उद्योगात उपयोग आहे का?

हा प्रश्न आपल्या बाबतीत सोपा आहे. प्रिंटर कारखान्यात बनतो, रोलर खरंच साफ होतो. परीक्षक पुढे जातो.

हळदीची गोष्ट

कधीकधी परीक्षकाला जुना कागद सापडतच नाही. मग काय होतं?

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत एक पेटंट दिलं गेलं. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. तुमच्या आजीला विचारा. बोट कापलं की हळद लावायची, हे तिला तिच्या आजीने सांगितलेलं असेल. मग ते "नवीन" कसं?

डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. ते गोव्यातल्या माशेल गावचे. मुंबईत वाढले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांच्या परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिलं. पण आजीची साक्ष पुरेशी नव्हती. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर धरत नसत, छापील पुरावा लागायचा. परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. काही शंभर वर्षांहून जुने होते. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी मजकूर होता. भारतीय डॉक्टरांच्या एका नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले.

म्हणजे परीक्षकाने विचारलेला प्रश्न तोच होता: हे नवीन आहे का? फक्त पहिल्या वेळी त्याच्यासमोर जुने कागद नव्हते, दुसऱ्या वेळी होते. पुढे भारताने आयुर्वेदासारख्या पारंपरिक ज्ञानाचा एक मोठा डिजिटल संग्रह तयार केला. त्यातली माहिती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आहे, म्हणजे परदेशातल्या परीक्षकालाही ती वाचता येते.

तुमच्या घरी आजी-आजोबांना माहीत असलेल्या कितीतरी गोष्टी अजून कुठेच लिहिलेल्या नसतील. पुढच्या वेळी फोनवर बोलाल, तेव्हा एक तरी विचारा आणि तारीख घालून मराठीत लिहून ठेवा.

आणि हो, प्रिंटरमध्ये कागद अडकला तर आधी वायर काढा, मग रोलर पुसा. वाळूला उगाच दोष देऊ नका!

शब्दांची ओळख

पकड: घट्ट धरण्याची शक्ती
खापर फोडणे: दुसऱ्यावर दोष टाकणे
सौदा: देण्याघेण्याचा व्यवहार
मुदत: ठरलेला काळ
बांध: शेताच्या कडेची मातीची सीमा
वाच्यता: एखादी गोष्ट इतरांना सांगणे
जाणकार: एखाद्या विषयाची चांगली माहिती असलेला
आव्हान देणे: "हे बरोबर नाही" असं म्हणून ते सिद्ध करायला पुढे येणे

प्रश्न

१. फडक्यावर आलेली पांढरी भुकटी कशाची होती? ती कुठून आली?
२. दाव्यात जास्त अटी घातल्या की काय होतं? बांधाचं उदाहरण देऊन सांगा.
३. "मला करता आलं असतं, पण मी केलं नसतं." या प्रकारची दोन वाक्यं स्वतःची लिहा.
४. हळदीच्या बाबतीत आजीची साक्ष का पुरली नाही?
५. घरातली एक छोटी अडचण निवडा. त्यावरचा तुमचा उपाय एका वाक्यात दावा म्हणून लिहा. मग वर्गातल्या मित्राला किंवा मैत्रिणीला परीक्षक करा आणि तिन्ही प्रश्न विचारायला सांगा.