नर्सिंग होममधले तंटे आणि कायदा

महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे बहुधा एका डॉक्टरच्या किंवा डॉक्टर दांपत्याच्या मालकीचे, थोड्या खाटांचे खासगी रुग्णालय. तालुक्याच्या गावी बाळंतपणापासून अपेंडिक्सच्या ऑपरेशनपर्यंत बरेच काही इथेच होते. १९४९च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली अशा संस्थेला नोंदणी सक्तीची असून दर तीन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. तरीही रुग्ण दगावला, ऑपरेशन बिघडले किंवा बिल अवाच्या सवा आले की प्रकरण ग्राहक आयोगात, दिवाणी न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात जाते. रुग्ण बरा झाला नाही एवढ्यावरून कुठेही डॉक्टर दोषी ठरत नाही. वाजवी काळजी घेतली गेली होती का, हे तपासले जाते.

हा दंडक पुण्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट झाला. मे १९५३मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. टॅक्सीने सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून त्याला पुण्यात एका सर्जनच्या रुग्णालयात आणले. तिथे भूल न देता, जोर लावून हाड बसवले गेले आणि त्याच रात्री तो गेला. आईवडिलांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८मध्ये तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली आणि डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि तो प्रत्यक्ष करताना काळजी घेणे. आजही निकालपत्रांत याच तीन कर्तव्यांचा आधार घेतला जातो.

घटनेपासून निकालापर्यंत पंधरा वर्षे गेली. सामान्य कुटुंबाला न झेपणारी ही वाट १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सोपी केली. डॉक्टर या कायद्याखाली येतात का, हा वाद इंडियन मेडिकल असोसिएशनने सर्वोच्च न्यायालयात नेला. पैसे घेऊन केलेले उपचार ही ‘सेवा’च आहे, असा निकाल १३ नोव्हेंबर १९९५ रोजी लागला. सर्वांवर सरसकट मोफत उपचार करणारी रुग्णालये तेवढी वगळली गेली. आता २०१९चा कायदा लागू आहे. मोजलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत करायची असते. तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्कही नाही.

हलगर्जी सिद्ध करण्याचा भार मात्र तक्रारदारावर असतो आणि त्यासाठी बहुधा तज्ज्ञ डॉक्टरचे मत लागते. काही प्रकरणांत घटनाच सारे सांगून जाते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात कापड राहिले आणि ती दगावली. तिथे हलगर्जी उघड आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये म्हटले आणि कर्मचाऱ्यांच्या चुकीसाठी राज्य सरकारला जबाबदार धरले. हेच तत्त्व नर्सिंग होमलाही लागू पडते. नर्सच्या चुकीची भरपाई मालकावर येते. त्याच वर्षी मुंबईच्या एका प्रकरणात, होमिओपॅथीची पदविका असताना ॲलोपॅथीची औषधे देणे हीच हलगर्जी ठरली.

बाकीच्या प्रकरणांत सारी भिस्त कागदांवर असते. रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत केसपेपर देणे आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे हे डॉक्टरवर बंधनकारक आहे. न केलेल्या नोंदी आणि खाडाखोड डॉक्टरच्याच अंगाशी येतात. संमतीपत्राचेही तसेच. दुर्बिणीने तपासणी करण्याची संमती घेऊन गर्भाशय काढले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये निकाल दिला की जिवावर बेतलेले नसताना एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. म्हणून कोऱ्या छापील फॉर्मवर घाईघाईने घेतलेली सही ना रुग्णाच्या हिताची, ना डॉक्टरच्या.

बिलावरून होणाऱ्या भांडणांसाठी २०२१मध्ये राज्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. प्रमुख सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

फौजदारी कारवाईची पायरी भरपाईच्या दाव्याहून उंच आहे. साध्या चुकीसाठी नव्हे, घोर हलगर्जीसाठीच डॉक्टरवर खटला चालावा, त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये बजावले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६नुसार उपचारातील हलगर्जीने मृत्यू झाल्यास डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुःखाच्या भरात होणारी तोडफोड हाही गुन्हाच आहे. २०१०च्या राज्य कायद्यानुसार डॉक्टर-कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.