Explained : ब्रिटनमधली नोकरी सोडून भारतात परतलात, तिथल्या पेन्शनचे पैसे इकडे आणता येतात का?

इंजिनीअरिंगच्या वर्गातल्या एका मित्राने गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. तो चार वर्षं ब्रिटनमध्ये आयटीत होता, आता पुण्यात परतलाय. स्क्रीनशॉटमध्ये एका एजंटचा मेसेज होता : ‘तुमची यूके पेन्शन ५५ वर्षांची वाट न पाहता आत्ताच काढून देतो. कमिशन फक्त १० टक्के.’ खाली मित्राचा प्रश्न होता, ‘घराच्या डाउन पेमेंटला कामी येतील. करू का?’

उत्तर एका शब्दाचं आहे : नको. ते का, आणि मग या पैशांचं करायचं काय, हे समजून घेऊया.

ही पेन्शन जमा होते कशी?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून टप्प्याटप्प्याने ‘ऑटो एनरोलमेंट’ लागू झालं. २२ वर्षांवरील आणि ठरावीक पगार असलेल्या कर्मचाऱ्याला कंपनीने पेन्शन योजनेत घालणं बंधनकारक आहे. एप्रिल २०१९ पासून पगाराच्या ठरावीक भागाच्या किमान ८ टक्के रक्कम त्यात जाते. त्यातले किमान ३ टक्के कंपनीचे, उरलेले कर्मचाऱ्याचे आणि करसवलतीचे. पे स्लिपवर एक ओळ कापलेली दिसते, ती हीच. नोकरी बदलली की नवी योजना, नवं खातं. त्यामुळे चार-पाच वर्षांत दोन-तीन खाती सहज तयार होतात आणि परत येताना ती विसरली जातात.

आपल्याकडे नोकरी सुटल्यावर पीएफ काढण्याची सवय असते. तिथे ते चालत नाही. साधारणपणे वयाच्या ५५ व्या वर्षापर्यंत पैशाला हात लावता येत नाही. ६ एप्रिल २०२८ पासून ही मर्यादा ५७ होणार आहे. देश सोडला म्हणून नियम बदलत नाही. गंभीर आजारासारखे अपवाद आहेत, पण घर घेणं हा अपवाद नाही.

आधीच पैसे काढले तर काय होतं?

ब्रिटनच्या कर खात्याच्या, म्हणजे एचएमआरसीच्या भाषेत हे ‘अनधिकृत पेमेंट’ ठरतं. त्यावर ४० टक्के कर लागतो, आणि खात्यातली मोठी रक्कम काढली असेल तर आणखी १५ टक्के अधिभार. एकूण ५५ टक्के. समजा खात्यात ४०,००० पौंड आहेत. त्यातले २२,००० पौंड करात जातील. एजंटचं १० टक्के कमिशन म्हणजे आणखी ४,००० पौंड. हातात उरतात १४,०००. कराची जबाबदारी एजंटवर नसते, खातेदारावर असते. तुम्ही भारतात राहता म्हणून ती टळत नाही.

मग कायदेशीर मार्ग कोणता?

त्याचं नाव ‘क्यूआरओपीएस’. ब्रिटनच्या अटी पूर्ण करणारी परदेशी पेन्शन योजना, असा त्याचा सरळ अर्थ. एप्रिल २००६ पासून ही व्यवस्था आहे. अशा योजनेत पेन्शनची रक्कम थेट ट्रान्सफर करता येते. पैसे तुमच्या बचत खात्यात येत नाहीत, एका पेन्शन योजनेतून दुसऱ्या पेन्शन योजनेत जातात.

भारतातलं तुमचं ईपीएफ खातं म्हणजे आपोआप क्यूआरओपीएस नव्हे. आपल्याकडे प्रामुख्याने आयुर्विमा कंपन्यांच्या काही ठरावीक पेन्शन पॉलिसी या प्रकारात येतात. एचएमआरसी अशा योजनांची यादी वेबसाइटवर टाकते आणि महिन्यातून दोनदा, १ आणि १५ तारखेला, अद्ययावत करते. योजना यादीतून बाहेरही जाते. म्हणून अर्ज करताना आणि पैसे निघण्याच्या दिवशी, दोन्ही वेळा यादी तपासा. यादीत नाव असणं म्हणजे ब्रिटन सरकारने दिलेली हमी नव्हे, हेही त्याच यादीवर लिहिलेलं असतं.

२५ टक्के कर कधी लागतो?

९ मार्च २०१७ पासून परदेशी ट्रान्सफरवर २५ टक्के ‘ओव्हरसीज ट्रान्सफर चार्ज’ आहे. ४०,००० पौंडांवर तो १०,००० पौंड होतो. मुख्य सूट अशी : तुम्ही ज्या देशात राहता, योजनाही त्याच देशातली असेल तर हा कर लागत नाही. पुण्यात राहून भारतातल्या योजनेत पैसे आणले तर सूट. पुण्यात राहून तिसऱ्याच देशातल्या योजनेत टाकले तर साधारणपणे २५ टक्के कापले जातात. परदेशी योजनांच्या आकर्षक जाहिराती वाचताना हा मुद्दा लक्षात ठेवा.

आणखी दोन अटी महत्त्वाच्या आहेत. ट्रान्सफरनंतर पुढची पाच पूर्ण करवर्षं संपण्याआधी तुम्ही दुसऱ्या देशात स्थायिक झालात, तर हा कर नंतरही लागू शकतो. म्हणजे आज पुण्यात आणि दोन वर्षांनी दुबईत, असा बेत असेल तर थांबा. दुसरी अट कागदपत्रांची. एचएमआरसीचा एपीएसएस २६३ हा फॉर्म भरून ब्रिटनमधल्या योजनेला द्यावा लागतो. आवश्यक माहिती ट्रान्सफरआधी दिली नाही, तर सूट असूनही कर कापला जातो. भारतात राहत असल्याचा पुरावाही मागितला जातो.

सगळ्याच पेन्शन आणता येतात का?

नाही. ब्रिटनची सरकारी ‘स्टेट पेन्शन’ ट्रान्सफर होत नाही. नव्या नियमांनुसार त्यासाठी नॅशनल इन्शुरन्सची किमान १० वर्षं लागतात. ती भरली असतील तर पेन्शन भारतात मिळते, पण पहिल्या दिवशी जो दर असेल तोच कायम राहतो. भारतात राहणाऱ्यांना दरवर्षीची वाढ मिळत नाही. १० वर्षं भरली नसतील तर कापलेला नॅशनल इन्शुरन्स परत मिळत नाही.

एनएचएसमध्ये काम केलेल्या नर्स आणि डॉक्टरांसाठीही वेगळा नियम आहे. त्यांच्या योजनेत खात्यात साठलेला निधी नसतो, ठरलेल्या पेन्शनचं वचन असतं. अशी पेन्शन एप्रिल २०१५ पासून साठवणुकीच्या पद्धतीच्या योजनेत हलवता येत नाही. खासगी कंपनीची ठरलेल्या पेन्शनची योजना असेल आणि तिचं मूल्य ३०,००० पौंडांपेक्षा जास्त असेल, तर तिथल्या अधिकृत सल्लागाराचा सल्ला घेणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

पैसे तिथेच ठेवले तर?

अनेकांसाठी हाच सोपा पर्याय असतो. रक्कम पौंडांत गुंतवलेली राहते आणि वय झाल्यावर भारतात बसून काढता येते. भारत-ब्रिटन कर करारानुसार भारतातल्या रहिवाशाला मिळणाऱ्या खासगी पेन्शनवर कर भारतातच लागतो. मात्र त्यासाठी एचएमआरसीकडे अर्ज करावा लागतो, नाहीतर तिथे आधी कर कापला जातो. ब्रिटनमध्ये २५ टक्के रक्कम साधारणपणे करमुक्त काढता येते, पण तिथे करमुक्त म्हणजे इथेही करमुक्त, असं गृहीत धरू नका.

खात्यात दरवर्षी होणाऱ्या वाढीवर भारतात कर कधी द्यायचा, हाही प्रश्न असतो. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ८९अ आणलं गेलं. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांसाठी कर पैसे काढताना देण्याचा पर्याय त्यातून मिळाला. तो आपोआप मिळत नाही, मुदतीत फॉर्म भरून निवडावा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएला विचारून घ्या. शिवाय सामान्य रहिवासी झाल्यावर हे खातं रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावं लागतं. विसरल्यास १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आधी काय कराल?

१. जुन्या पे स्लिप काढा आणि किती खाती आहेत ते मोजा. योजनेचं नाव आठवत नसेल तर ब्रिटन सरकारची ‘पेन्शन ट्रेसिंग सर्व्हिस’ मोफत आहे.

२. प्रत्येक योजनेला भारतातला पत्ता आणि चालू ईमेल कळवा, वारसाचं नाव नोंदवा.

३. खात्याचा प्रकार, आजचं मूल्य आणि बाहेर पडण्याचं शुल्क लेखी मागवा.

४. भारतातल्या पॉलिसीचे शुल्क आणि तिथल्या फंडाचे शुल्क शेजारी शेजारी मांडा. फरक दरवर्षी लागतो, पुढची २५-३० वर्षं.

५. स्वतःहून फोन करून ‘लवकर काढून देतो’ म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा.

मित्राने पाचवी गोष्ट आधी केली. मग जुने ईमेल चाळले, तर एक नव्हे, दोन खाती निघाली. दुसऱ्याचा पासवर्ड त्याला अजून सापडलेला नाही, पण पैसे जागेवर आहेत.